लिंबूफूल आणि सात पावलं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, देवासमोर हात जोडतानाही शब्दांत मांडलेलं नाही. नऊ वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे — की ओळखत नाही म्हणून सोपं जातं आहे? सोपं जाऊ नये, असंच मला वाटतं.

आमचं घर नंदुरबारजवळ, रनाळ्यात. मी आणि माझी धाकटी जाऊ, मीना, उन्हाळ्यात मसाले करायचो आणि लिंबू-सरबताची पूड. लग्नघरांतून मागणी असायची. मिरची आणि मसाला तिच्याकडे, सरबत आणि मोजमाप माझ्याकडे. दहा किलो पिठीसाखरेला चारशे ग्रॅम लिंबूफूल. दुकानात त्याला सायट्रिक ॲसिड म्हणतात. दिसायला साखरेसारखं, चवीला आंबट, खाण्यात चालणारं. ग्रॅमभरही चूक मी होऊ देत नसे. मीना हसायची. "ताईना काटावर माशी बसनी ना, ते तिन्हं बी वजन वजा करी ती!" साऱ्या गल्लीला हे वाक्य पाठ होतं. मला त्याचा अभिमान होता. तो किती होता, हे पुढे कळलं.

लिंबूफुलाच्या पोत्याबरोबर एक छापील इंग्रजी कागद यायचा. घरात तो वाचणारी मी एकटी. मी त्यातल्या सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, मिक्सरच्या वर चिकटवल्या होत्या. कोरडं दळताना चष्मा लावा. पंखा बंद ठेवा. दळल्यावर पाच मिनिटं झाकण उघडू नका, धूळ बसू द्या. हात कोरडे ठेवा. लोखंडी डब्यात भरू नका. आणि शेवटची ओळ, लाल पेनानं — डोळ्यात गेल्यास लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं, पापणी उघडी धरून, पंधरा मिनिटं धुवा.

ही ओळ मीच लिहिली होती. हे लक्षात ठेवा. मला तर ते विसरताच येत नाही.

त्या दिवशी दुपारी शेडच्या एका टोकाला मीनाची मिरची कुटून झाली होती. हवेत ठसका होता, पण आम्हाला त्याचं काय? आमच्या भागात पोरं वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारीवर वाढतात. ती माझ्या मदतीला आली. चष्मे दोन होते. एकाचा पट्टा तुटला होता, तो मी आठवडाभर शिवायचा म्हणत होते. चांगला चष्मा — माझ्या डोळ्यांवर होता.

शिवला का नाही? घाई होती, म्हणून. मग तिला लांब उभं राहायला का सांगितलं नाही?

उकाडा होता. पंखा चालू होता. दोनशे ग्रॅमचा दुसरा घाणा दळून झाला आणि मी पाच मिनिटं थांबले नाही. मिनिटभरही नाही. झाकण उचललं. पांढरा धूर उठला, पंख्यानं तो तिच्याकडे नेला; खाली वाकून साखरेचं पोतं सोडणाऱ्या मीनानं त्याच क्षणी घाम पुसत मान वर केली, आणि ती किंचाळली.

डोळ्यावर हात दाबून ती खाली बसली. सासूबाई ओट्यावरून धावत आल्या. तिचे लाल हात त्यांना दिसले, आणि त्यांचं ठरलं. आमच्याकडे ठरतंच तसं. डोळा झोंबला की मिरची. आणि मिरचीला पाणी लावायचं नाही, पाण्यानं ती पसरते. तूप भरायचं, वर थंड दुधाची घडी. पिढ्यान्‌पिढ्या हेच. "पानी नका लावू वं! पानीघाई आखो पेटी ते. तूप आना, गायनं तूप!"

मला माहीत होतं. त्या अंगणात मला एकटीला माहीत होतं की ही मिरची नाही.

तोंड उघडलं असतं तर काय सांगावं लागलं असतं? की चांगला चष्मा मी घातला. की पंखा चालू होता. की झाकण मी उघडलं. जिच्या काट्यावर माशीचंही वजन वजा होतं, ती मी. एवढंच होतं हो. जीव जाणार नव्हता, घर मोडणार नव्हतं — फक्त एक वाक्य खोटं ठरणार होतं. त्यासाठी मी गप्प राहिले.

गप्प राहिले, हेही पुरतं खरं नाही. तुपाची बरणी मी आणून दिली.

जीपमध्ये मी तिच्या शेजारी होते. नंदुरबारला डॉक्टरांनी विचारलं, "काय गेलं डोळ्यात?" मीनाला बोलता येत नव्हतं. मी म्हणाले, मिरची. त्यांनी धुतलं, औषध घातलं. तोवर दीड तास होऊन गेला होता. दहा दिवसांनी सुरतेला मोठ्या डॉक्टरांनी बुबुळ पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, मिरचीनं एवढं होत नाही, दुसरं काही होतं का? मला दुसरी संधी मिळाली होती — अशी किती जणांना मिळते? मी म्हणाले, नाही.

तिचा उजवा डोळा दुधी झाला. त्यानं तिला उजेड कळतो, माणूस नाही. वेळेवर पाणी घातलं असतं तर डोळा पूर्ण वाचला असता का, मला माहीत नाही. पण मी पाणी घातलं नाही, हे मला माहीत आहे.

पहिल्याच संध्याकाळी, ती दवाखान्यात असताना, मी शेडमधला तो कागद भिंतीवरून काढून चुलीत घातला. चष्म्याचा पट्टाही शिवून ठेवला. दोन्ही चष्मे खिळ्याला टांगले, शेजारी शेजारी.

आणि मीना? घरी आल्यावर तिनं माझा हात धरला. "तू रडू नको ताई. मन्हीज चूक शे. मिरचीना हात डोयाले लागी गया व्हई." नऊ वर्षं ती हेच मानते. घरातल्या लेकींना, नव्या सुनांना सांगते, हात धुवा गं, मन्हा डोया देखा. स्वतःचा डोळा ती दाखला म्हणून पुढे करते आणि मी तिथेच बसून कोथिंबीर निवडत असते.

सरबताची पूड आम्ही अजून करतो. आता सारं नियमानं. लिंबूफूल दळताना मी शेडचं दार बंद करून एकटी असते, चष्मा लावते, पंखा बंद ठेवते, पाच मिनिटं घड्याळ लावून मोजते. एका डोळ्यानं काट्यावरचे बारीक आकडे तिला नीट दिसत नाहीत. "ताई, कितलं व्हयनं?" ती विचारते. मी आकडा सांगते. ती खात्री करून घेत नाही. माझं मोजमाप चुकत नाही, असं ती आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

पाण्याचा रांजण शेडच्या दाराशीच आहे. तेव्हाही तिथेच होता, भरलेला. सकाळी मीच भरला होता. ती जिथे खाली बसली, तिथून तो सात पावलांवर आहे. मी मोजली आहेत.