आज खरं, का टेस्ट?

माझ्याकडे आईचे जेवढे शॉट आहेत, ते सगळे लेन्सच्या टेस्टचे आहेत. सिनेमाचा एकही नाही. सिनेमा होणार होता, आई त्यात काम करणार होती, आणि तिच्यावरचे उपचार सुरू व्हायच्या आत तो काढून व्हायला हवा होता. एवढी साधी गोष्ट, आणि ती माझ्याच्यानं झाली नाही.

मी नागपुरात लग्नांचे व्हिडिओ काढते. मधूनमधून हिंगण्याच्या एखाद्या कारखान्याची जाहिरातही करते. पोटापाण्याचा धंदा आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण वर्षानुवर्षं डोक्यात एक छोटी गोष्ट घोळत होती. दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल लावणारी एक बाई, तिचं घर आणि तिचा एक दिवस. ही बाई म्हणजे आईच. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून गांधीबागेतल्या एका दुकानातून साड्यांचे गठ्ठे आमच्याकडे यायचे, आई शिलाई मशीनवर फॉल-पिको करून परत पाठवायची. त्याच मशीनवर तिनं मला शिकवलं आणि त्याच मशीनवर दोन खोल्यांचं घर उभं केलं.

गोष्ट सांगितली तेव्हा आई तोंडाला पदर लावून हसली. "मी काय हिरोइन आहे का वं? माय वं माय, हे पोरगी पागल झाली!" दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता मात्र म्हणाली, "कधी करतं मंग?"

तिची एकच अट होती. "मी दिसीन तं माह्या घरासंगं दिसीन. लग्नाचे फोटो काढून पाह्य, मी कुठी आहे? कोणाच्या ना कोणाच्या खांद्यामागं. मले एकटीले दाखवशील तं नको. हे घर मी उभं केलं, ते दिसलं पाहिजे." मी हो म्हटलं. अशा अटीला नाही कोण म्हणेल?

त्यानंतर तिच्या हाताला छातीतली ती गाठ लागली. धंतोलीतल्या एका दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर भले होते, त्यांनी सरळ सांगितलं की एक मोठा रिपोर्ट यायचा आहे, तो आला की औषधं सुरू करू, औषधांनी केस जातील. बाहेर येऊन ऑटोत बसल्यावर आई बोलली, "केस गेल्यावर माह्यासमोर कॅमेरा आणू नको. त्याच्या आधी करून टाक." मी तिचा हात धरला आणि म्हटलं, करून टाकू. हातात दोनेक आठवडे होते.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? लग्नाला वापरते तोच कॅमेरा, तीच झूम लेन्स लावून दुसऱ्या दिवशी सकाळी शूटिंग सुरू केलं असतं. मी लेन्स निवडायला बसले. हा आमच्या धंद्यातल्या लोकांचा रोग आहे. दहा जणांना विचारू, इंटरनेटवर तासन्‌तास नमुने पाहू, एकाच बाटलीचे वीस लेन्सनी काढलेले वीस फोटो शेजारी शेजारी लावून डोळे फोडू, आणि त्याला तयारी म्हणू.

कारणं होती माझ्याकडे, अगदी पटणारी. आमच्या घराला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. मोठे लाइट लावायची ऐपत नव्हती. म्हणून भरपूर उजेड ओढून घेणारी लेन्स हवी. झूम नको, एकाच अंतराची प्राइम हवी. फोकस हातानं फिरवायचा, कारण कॅमेरा आपला आपण कुठंही फोकस पकडतो आणि मला आईचे डोळे हवे होते. वर ती जुनी हवी, किंवा जुन्यासारखी तरी. नव्या लेन्स फार स्वच्छ दिसतात, दवाखान्यासारख्या. जुन्या काचेत कडा जरा मऊ होतात, खिडकीचा उजेड सांडल्यागत पसरतो, चेहऱ्यावर साय धरल्यासारखं काहीतरी येतं. माझ्या आईचा चेहरा मला तसा हवा होता. त्यात चूक काय होतं, हे मी अजूनही स्वतःला विचारते.

पहिली लेन्स नागपुरातच मिळाली, एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या कपाटातून. परदेशी, जुनी, वजनानं पाट्यासारखी. आईला मशीनसमोर खुर्चीत बसवलं. टेस्टची पद्धत ठरलेली असते. आधी लेन्सचं उजेड घेणारं भोक पूर्ण उघडं ठेवायचं, मग रिंग फिरवत ते एकेक पायरी मिटत न्यायचं. उघडी असताना फक्त डोळे धारदार आणि मागचं सगळं वितळलेलं. मिटत जाल तसं मागचं एकेक जागेवर येतं आणि रिंगवरच्या आठच्या आकड्यावर सगळी खोली स्पष्ट होते. घरात उजेड नसल्यामुळे त्या शेवटच्या पायरीला मी ट्यूबलाइट लावायची, दार उघडायची, मिळेल तो बल्ब पेटवायची. दिसायला ते अगदीच कळाहीन दिसायचं. ती पायरी फक्त काचेत खोट आहे का ते पाहण्यासाठी असते. सिनेमा त्यात नसतो, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगितलं असतं.

उघड्या लेन्सचा शॉट मी आईला मॉनिटरवर दाखवला. मला वाटलं होतं, ती खूश होईल. इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"डबे कुठं गेले?" ती म्हणाली.

मागच्या फळीवर तिचे स्टीलचे डबे होते. एकेक करून घेतलेले, सणाला घासून उलटे वाळवलेले. शॉटमध्ये त्यांचे नुसते पांढरे गोळे झाले होते.

"ते मुद्दाम तसं केलं आहे, आई. तुझ्याकडे लक्ष जावं म्हणून."

"माह्याकडं पाहून काय करतीन लोक? अन् हे काय? तुह्या बाबाचा फोटो आहे का पापड आहे?" तिला हसू आलं, मलाही आलं. मग ती हळूच म्हणाली, "तू तं म्हणलं होतं, घर दिसन."

"दिसेल गं. ही टेस्ट आहे. खऱ्याला दिसेल."

हे वाक्य मी त्या दिवसांत किती वेळा बोलले! जे काही असेल ते खऱ्याला. ते आईच्या अंगवळणीच पडलं. सकाळी मी कॅमेऱ्याची पेटी उघडली की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "आज खरं, का टेस्ट?" मी म्हणायची, टेस्ट. मग ती आहे त्याच विटक्या गाउनमध्ये, केसांना नुसता चिमटा लावून येऊन बसायची. खऱ्यासाठी तिनं साडी काढून ठेवली होती. पांढरी, निळ्या काठाची. विहारात वंदनेला नेसायची म्हणून घेतली आणि चांगली आहे म्हणून नेसलीच नव्हती. तिला फॉल लावला तेव्हा मी शेजारीच होते. गठ्ठ्यातल्या साड्या ती सपासप संपवायची. या साडीला एकेक टाका थांबून, हात फिरवून घातला. मग इस्त्री करून आणली आणि पेपरात गुंडाळून उशीजवळ ठेवली.

दुसरा संच मुंबईहून कुरिअरनं आला. जुन्याच काचा, पण सिनेमासाठी नव्या धातूत बसवलेल्या, रिंग लोण्यासारखी फिरणारी. मला फार आवडला. फक्त त्यातल्या एका लेन्समध्ये बुरशीचा डाग निघाला आणि मी हट्टाला पेटले की त्याशिवाय संच पुरा नाही. तिसरा जुन्यासारखा बनवलेला नवाकोरा होता. त्याची चमक मला खोटी वाटली. या सगळ्यात दिवस जात होते. आईला दम लागायला लागला होता. खुर्चीपर्यंत यायची आणि जरा वेळ नुसतीच बसायची, हात मशीनवर ठेवून.

आवाज रेकॉर्ड करणारा माझा मित्र रोज यायचा. टेस्टला आवाज लागत नाही, तरी सवयीनं तो माइक लावायचा. एका सकाळी तो भडकला. "अवं, काय करून राहिली तू? माउलीले पाह्य जरा. जे आहे त्यानं काढ ना! लोक काय लेन्स पाहाले येणार आहेत का?"

मी त्याच्या अंगावर गेले. म्हटलं, माझी आई आहे, तिला कशी दाखवायची ते मला कळतं. तू तुझा माइक धर. आई मध्ये पडली, "भांडू नका गा पोरांनो, तिले तिच्या मनासारखं करू दे. आयुष्यात पयल्यांदा करून राहिली." तिनं माझी बाजू घेतली.

शेवटी मुंबईचा संच ठरला, बुरशीच्या लेन्सच्या जागी दुसरी मागवून. बदलून आलेली तेवढी एक लेन्स आईवर तपासायची राहिली होती, ती शुक्रवारी तपासली. रविवारी खरं शूटिंग, असं जाहीर केलं. आईनं शनिवारी डोक्यावरून पाणी घेतलं, केस खिडकीत बसून वाळवले. संध्याकाळी तिला श्वास पुरेना. धंतोलीला नेलं तर छातीत पाणी झालं होतं, लगेच दाखल करून घेतलं. निघताना तिनं पेपरात गुंडाळलेली साडी पिशवीत टाकायला लावली. "तिथून सुटलो का सरळ शूटिंगच करू," म्हणाली.

ती सुटली नाही. ज्या औषधांनी केस जाणार होते ती सुरूच करता आली नाहीत, तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. शेवटच्या दिवशी मी तिची वेणी घातली. सगळे केस होते, दाट, कानशिलाशी पांढरे. मी ज्याच्या आत काम संपवायला धावत होते ते कधी आलंच नाही. भलतंच आलं. साडी तिला मावशीनं नेसवली. मी पायाशी बसून निऱ्या धरल्या, आणि फॉलची शिलाई माझ्या बोटांखालून सरकत गेली. मी तेव्हा मोठ्यानं रडले, लाजलज्जा सोडून.

पुढं घर आवरावं लागलं. डबे नातेवाइकांत वाटले गेले, मशीन मावसबहिणीकडे गेलं, फळी उतरवली. आता तिथं भाडेकरू राहतात. त्यांनी भिंतीला गुलाबी रंग दिला आहे. मी त्या गल्लीतून जायचं टाळते.

टेस्टच्या फायली मी बरेच महिने उघडल्या नाहीत. उघडल्या त्या एका दुपारी, मोठ्या डब्यावर काय खोदलेलं होतं ते आठवेना म्हणून. आई प्रत्येक डब्यावर नाव घालून घ्यायची. त्यावर तिचं नाव होतं की बाबांचं? उघड्या लेन्सचे शॉट पाहिले. देखणे आहेत, त्याबद्दल वाद नाही. साय धरलेला चेहरा, धारदार डोळे, आणि मागं नुसते पांढरे गोळे. शॉट मागून शॉट, घर कुठंच नाही. माझी मला चीड आली. मी नको तेवढ्या प्रेमानं ते घर पुसून टाकलं होतं.

मग आठच्या आकड्याचे तुकडे पाहिले, जे मी फेकायचे म्हणून बाजूला टाकले होते. ट्यूबलाइटच्या त्या रडक्या उजेडात सगळं आहे. फळी आहे, डबे आहेत, मोठ्या डब्यावर बाबांचं नाव आहे. बाबांचा फोटो आहे, शेजारी बुद्धांची लहान मूर्ती, खिळ्याला अडकवलेल्या दोऱ्याच्या रिळांची माळ, गाठोडं बांधलेल्या साड्या, कोपऱ्यात टेकवलेला झाडू. आणि त्या सगळ्याच्या मधोमध विटक्या गाउनमध्ये, केसांना चिमटा लावलेली माझी आई. कोणाच्याही खांद्यामागं नाही. तिनं जसं मागितलं होतं तसंच. फक्त साडी तेवढी नाही.

मित्राच्या माइकमुळे आवाजही स्वच्छ आहे. मित्र म्हणतो, यातूनच सिनेमा कर. मी त्याला हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

शेवटचा तुकडा शुक्रवारचा आहे. आई कॅमेऱ्याकडे बघून जांभई देते. मशीनवरचा दोऱ्याचा तुकडा उचलून चिमटीत गुंडाळते. श्वास जोरात चालला आहे, तो ऐकू येतो. तेव्हा मला तो ऐकू आला नव्हता, मी रिंगवरचे आकडे बघत होते. मग ती खुर्चीच्या दांडीवर हात टेकून अर्धी उठते.

"झालं का वं? उठू का मी?"

आणि कॅमेऱ्यामागून माझा आवाज येतो, घाईतला, जरासा वैतागलेला. "बस ना वं आई. एकदा परत घेते."

"बरं," आई म्हणते, आणि परत बसते.