टेल गनरच्या नावाखालची ओळ

आधी एक माफी मागते. या सदरातल्या अनुभवांखाली "झोप पूर्ण घेत जा" किंवा "घरातलं वायरिंग चेक करून घ्या" अशा कमेंट टाकणाऱ्यांपैकी मी एक होते. भारतात असताना नऊ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय. आपोआप काही होत नसतं, कोणीतरी काहीतरी केलेलं असतं… आणि ते कोणी केलं हे शोधून काढायचं, हेच माझं काम. नागपूरला आमच्या घरी भूत-बीत हा विषय फक्त लहान मुलांना जेवू घालताना निघायचा. त्यामुळे हे लिहायला बसायलाच मला वर्ष लागलं.

आम्ही मिशिगनमध्ये ॲन आर्बरला राहतो. सौरभ — माझा नवरा — सायबर सिक्युरिटीत आहे. त्याच्या व्हिसावर मी आले आणि वर्क परमिट येईपर्यंत मला नोकरी करता येत नव्हती. घरात बसून बसून मी सौरभच्या डब्यांची झाकणं मॅच करत बसायला लागले, तेव्हा तोच म्हणाला, "यार, कुठेतरी व्हॉलंटिअर कर. नाहीतर तू मलाच टेस्ट करायला लागशील."

तर आमच्यापासून अर्ध्या तासावर एक छोटंसं विमानांचं म्युझियम आहे. नाव देत नाही. एका जुन्या धावपट्टीच्या कडेला बैठी इमारत, पुढे पार्किंग, आत-बाहेर करायला एकच दरवाजा. मागे इमर्जन्सी एक्झिट आहे, पण त्याच्या दांड्याला हात लागला तरी अलार्म कोकलतो. हिवाळ्यात मंगळवारी आणि गुरुवारी म्युझियम लोकांसाठी बंद असायचं, आणि तेव्हाच मी जायचे. सोबत डायेन. निवृत्त शाळामास्तरीण, सत्तरीची, लाल पेन घेऊन जन्माला आलेली. मी टाइप केलेलं तीच तपासायची, आणि कॉमा चुकला तरी तिला रात्री झोप लागत नसावी.

माझं काम सोपं होतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या तळावरून उडणाऱ्या एका अमेरिकन स्क्वाड्रनचे रोजचे कागद खोक्यांत भरून आले होते. चार इंजिनांच्या अवजड बॉम्बर विमानांची तुकडी. एकेक कागद स्कॅन करायचा आणि त्यावर जे आहे ते जसंच्या तसं कॉम्प्युटरवर टाइप करायचं. आज कोणतं विमान जाणार, त्यात कोण कोण बसणार, किती बॉम्ब, किती पेट्रोल, कधी उडालं, कधी परतलं. शेवटचा रकाना 'परत'. त्यात वेळ लिहिलेली असायची. कधी कधी काहीच नसायचं.

मला वाटलं होतं कंटाळा येईल. पण हळूहळू मी त्या कागदांत गुंतले. कारण त्यांत युद्ध कमी आणि ऑफिस जास्त होतं! ढगांमुळे उड्डाण रद्द. तीन नंबरचं इंजिन गळतंय. मेसमध्ये आज खरी अंडी. पहाटे उठवायच्या लोकांची यादी, आणि त्यात एकाच्या नावापुढे "दोनदा हाक मारावी लागते". ही मुलं एकोणीस-वीस वर्षांची. आमच्या टीममध्ये फ्रेशर म्हणून येतात ना, तेवढी.

या स्क्वाड्रनमधला एक माणूस आमच्या जवळपासच राहत होता. वॉल्टर. शंभरीला टेकलेले, पण डोकं लख्ख. वृद्धाश्रमाच्या गाडीने कधीतरी म्युझियममध्ये येऊन बसायचे. इथे सगळे त्यांना नुसतं वॉल्टर म्हणतात. माझ्या जिभेला ते जमायचं नाही, मी मिस्टर वॉल्टर म्हणायचे. त्यांना कोणी हिरो म्हटलं की ते हात झटकायचे. "मी ऑपरेशन्स ऑफिसातला टायपिस्ट होतो. हिरो विमानात होते." एवढंच. ते कधी विमानातही होते हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या मुलीलासुद्धा.

आता तो मंगळवार.

सकाळचे अकरा वाजून गेले होते. बाहेर स्वच्छ ऊन आणि हाडं गोठवणारी थंडी. मी एका विमानाची यादी टाइप करत होते. दहा जण. शेवटचा टेल गनर, म्हणजे विमानाच्या शेपटीत मशीनगन घेऊन एकटा बसणारा. तिथलं मूळ नाव टाइपरायटरवर एक्स एक्स एक्स मारून पूर्ण खोडलेलं होतं. वाचता येत नव्हतं. त्याच्या वर दुसरं नाव — डॅनिएल, आणि आडनाव. 'परत'चा रकाना रिकामा.

मी डॅनिएलचं नाव टाइप केलं आणि आईचा फोन आला. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याबद्दल. आत रेंज धड नसते, आवाज तुटतो, म्हणून मी जॅकेट चढवून पार्किंगमध्ये गेले. डायेन तिथेच पायऱ्यांवर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकत होती. मी तिच्याशेजारी उभी राहून बोलले. दरवाजा आमच्या दोघींच्या पुढ्यात, चार पावलांवर. आत कोणी नव्हतं. मी परत आले, लॅपटॉपवर स्क्रीनसेव्हर आला होता, तो मी बंद केला, थेट पुढचा कागद घेतला.

त्या दिवशी संध्याकाळी डायेनचा फोन. आवाज एकदम गार.

"मुग्धा, तुझ्या विनोदबुद्धीबद्दल मला कल्पना नव्हती."

"काय झालं?"

"टेल गनरच्या नावाखाली तू काय लिहिलंयस? हे लोक मेलेत. त्यांची नातवंडं हे वाचतात."

मी डॉक्युमेंट उघडलं. यादीच्या खाली, डॅनिएलच्या नावाखाली, एक ओळ होती. इंग्रजीत, सगळी कॅपिटल अक्षरं. मराठीत सांगायचं तर अशी —

"प्रीचरला सांगा, ताप नव्हता हे मला माहीत होतं. मी तरीही गेलोच असतो."

प्रीचर म्हणजे पाद्रीबुवा. आणि 'ताप' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ई' जास्त होता.

मी स्कॅन काढून बघितलं. कागदावर अशी ओळ नव्हती. पाठीमागेही नव्हती. मी हे लिहिलेलं नव्हतं. शप्पथ घेऊन सांगते, नव्हतं लिहिलं.

मग मी तेच केलं जे मी नऊ वर्षं करत आले. ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये कोणता बदल कधी झाला याचा इतिहास राहतो, तो उघडला. ती ओळ टाइप झाली होती अकरा अठराला. मी फोनचा कॉल लॉग बघितला. आईचा कॉल अकरा बाराला सुरू, अकरा एकतीसला संपलेला.

अकरा अठराला मी बाहेर होते. डायेन माझ्या शेजारी होती.

"कोणीतरी रिमोटली घुसलंय," सौरभ म्हणाला. आनंदाने म्हणाला, कारण हे त्याचं क्षेत्र! रात्रीचं जेवण तसंच ठेवून तो माझा लॅपटॉप घेऊन बसला. दोन तासांनी त्याने खुर्ची मागे सरकवली. चेहऱ्यावरचा आनंद गेलेला.

"बाहेरून कोणी आलेलं नाहीये."

"मग?"

"मग काही नाही. लॅपटॉप अकरा सतराला जागा झाला. याच्याच कीबोर्डवरून." तो माझ्याकडे वळला. "तू जाताना लॉक करायला विसरलीस ना?"

"हो, लॉक केला नव्हता."

"हां. म्हणजे कोणीतरी खुर्चीत बसून टाइप केलंय."

हे वाक्य त्याने अगदी साधेपणाने म्हटलं. मग उठून तो घराचा दरवाजा नीट लागलाय का ते बघून आला.

डायेनला मी सगळे स्क्रीनशॉट पाठवले. ती स्वतः तिथे होती, त्यामुळे माझ्यावर संशय घ्यायला तिला जागा उरली नाही, आणि त्याचा तिला जास्तच त्रास झाला. तिने खोक्यातले सगळे कागद 'प्रीचर' या शब्दासाठी पालथे घातले. कुठेच नाही. शेवटी ती म्हणाली, "वॉल्टर त्या ऑफिसात होता. त्याला विचारू या. ओळ कुठून आली ते सांगायचं नाही. फक्त प्रीचर कोण आणि खोडलेलं नाव कोणाचं, एवढंच."

गुरुवारी दुपारी आम्ही वृद्धाश्रमात गेलो. जेवण नुकतंच झालं होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत ते बसले होते, मांडीवर ब्लँकेट. मला बघून हसले.

डायेनने यादीची प्रत पुढे केली. "वॉल्टर, हे खोडलेलं नाव कोणाचं आठवतं का?"

त्यांनी कागद बघितला. डोळ्यांजवळ नेला.

"नाही," ते म्हणाले.

"बरं. आणि स्क्वाड्रनमध्ये प्रीचर असं कोणाला म्हणायचे का?"

मी आयुष्यात कोणाच्या चेहऱ्यावरून रंग असा उतरताना बघितलेला नाही. त्यांचा हात ब्लँकेटवर काहीतरी शोधायला लागला. मला वाटलं नर्सला बोलवावं.

"हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

डायेनने यादीची प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हे नाव फक्त त्या विमानातल्या लोकांना माहीत होतं," ते म्हणाले. "उडताना मी मोठ्याने प्रार्थना म्हणायचो, इंटरकॉम चालू आहे हे विसरून. म्हणून. बाहेर कोणाला माहीत नव्हतं. आणि त्यातलं कोणी…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग यादीवरच्या त्या एक्स-एक्सवर बोट ठेवलं. "हा मी आहे."

डायेनने माझ्याकडे बघितलं. सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण आता न सांगणं म्हणजे लबाडी झाली असती. मी त्यांना सगळं सांगितलं. फोन, पार्किंग, अकरा अठरा. आणि मोबाइलवर ती ओळ दाखवली.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओठ हलवत वाचली. मग म्हणाले, "स्पेलिंग."

"चुकलंय, हो."

"डॅनी सातवीनंतर शाळेत गेला नव्हता. घरची पत्रं तो माझ्याकडून तपासून घ्यायचा."



मग ते बोलले. सलग नाही, मधे मधे थांबत, पाणी पीत. त्या पहाटे त्यांच्याच्याने उठवेना. आधीच्या उड्डाणात शेजारचं विमान त्यांच्या डोळ्यांसमोर जळालं होतं. डॉक्टर थर्मामीटर देऊन पुढच्या माणसाकडे वळला, तेवढ्यात यांनी तो गरम कॉफीच्या कपात बुडवला. थर्मामीटरवर ताप दिसला. नाव खोडलं गेलं. डॅनी जादा गनर होता, कधीमधी त्यांच्याच विमानातून गेलेला, आणि त्या पहाटे समोरच्याच खाटेवर झोपलेला. त्याला उठवून पाठवलं. जाताना तो यांच्या अंगावर स्वतःचं ब्लँकेट टाकून गेला — आजारी माणसाला थंडी वाजू नये म्हणून. ते विमान परत आलं नाही. त्यानंतर वॉल्टरचे हात असे थरथरायला लागले की त्यांना विमानात बसवणं शक्यच नव्हतं. टाइपिंग येत होतं म्हणून ऑफिसात टाकलं. युद्ध संपेपर्यंत त्या याद्या त्यांनीच टाइप केल्या.

"मी कप उचलला तेव्हा तो झोपलेला होता," ते म्हणाले. "ऐंशी वर्षं मला वाटत होतं की तो झोपलेला होता."

डायेन रडत होती. मला रडूसुद्धा येत नव्हतं.

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. मन हलकं वगैरे होईल. तसं काही झालं नाही. त्यांनी मोबाइल परत दिला आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "ती ओळ काढून टाक. कागदावर जे नाही ते नोंदीत येत नाही. मी क्लार्क होतो."

मी तिथेच, त्यांच्या समोर, ती ओळ डिलीट केली. एकेक अक्षर. शेवटचं अक्षर जाईपर्यंत ते स्क्रीनवरून नजर हटवत नव्हते.

नंतर मी, सौरभ आणि डायेनने सगळे तर्क करून झाले. आमच्यापैकी कोणीतरी नकळत लिहिलं? पण आम्ही दोघी बाहेर, एकमेकींसमोर. कोणी आत लपलं होतं? मागचा अलार्म वाजला नाही, आणि पुढच्या दाराने कोणी बाहेर पडलं नाही. समजा लपलं होतं, तरी त्याला प्रीचर कसं माहीत? कपातला थर्मामीटर कसा माहीत? वॉल्टरनेच कोणाकडून करवलं? हा तर्क माझाच होता, आणि त्यांचा तो पांढराफटक चेहरा आठवला की मला माझीच लाज वाटते.

मी नंतरही त्यांना भेटायला जात राहिले. त्या ओळीचा विषय आम्ही टाळायचो. बाबांचा गुडघा, माझं वर्क परमिट, सूप किती पाणचट असतं, असं काहीबाही बोलायचो. एप्रिलमध्ये, बर्फ वितळल्यावर, मी त्यांची व्हीलचेअर बाहेर उन्हात नेली होती. तेव्हा मला राहवलं नाही.

"मिस्टर वॉल्टर, तुमचा विश्वास बसतो का, की ते डॅनीने लिहिलं?"

त्यांनी व्हीलचेअरचा ब्रेक लावला.

"बसू नये असं वाटतं," ते म्हणाले.

"का? त्याने तुम्हाला माफच केलंय ना…"

"मुली, ते त्याने लिहिलं असेल, तर याचा अर्थ ते सांगण्यासाठी तो ऐंशी वर्षं कुठेतरी थांबला होता. एकटा. मी इथे लग्न केलं, मुलगी वाढवली, म्हातारा झालो. आणि तो थांबलेला."

मी त्यांच्या पायांवरचं ब्लँकेट नीट केलं.