रक्त आलंच नव्हतं

पासलीला, आमच्या गावी, शेताच्या बांधावर ऐनाचं एक मोठं झाड होतं. माघातल्या एका सकाळी दादा, म्हणजे माझे वडील, कवळ तोडायला त्यावर चढले… कवळ म्हणजे भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजायला लागणाऱ्या फांद्या. मी खाली त्या गोळा करत होते, वय असेल आठ.

स्वातंत्र्याच्या तीन-चार वर्षं आधीचं सांगतेय, तेव्हा नव्वदीतल्या बाईला थोडं इकडेतिकडे माफ करा. नातीच्या मोबाईलवर बोलून लिहितेय, चुका असतील त्या त्याच्या.

तर फांदी मोडली आणि दादा खाली आले. आवाज मला आठवत नाही… ते पडल्यावरही वरून पानं बराच वेळ गिरक्या घेत येत राहिली, तेवढं मात्र अजून दिसतं.

माणसं धावली. डोकं चाचपलं, रक्ताचा थेंब नाही… मग काय, लागलंच नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आमच्याकडे मार मोजायचं माप तेच होतं. दादा दिवेलागणीला उठून बसले, आईनं देवापुढे नारळ फोडला आणि विषय संपला.

पण उठून बसले ते पुरते आमचे दादा नव्हते. ऊन डोळ्यांना सोसेना, म्हणून ओटीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसायचे. कोयता समोर असायचा आणि त्याचं नाव ओठांवर यायचं नाही. कधी आवाज न चढवणारा माणूस, आता भांडं वाजलं तरी अंगावर यायचा.

पावसाळ्यात डोंगर धुक्यात गेला की तिकडे बघत राहायचे. मला वाटायचं, दादाही तिकडेच कुठेतरी आहेत, हाक मारली तर येतील… मी हळूच मारायचे. दादा कधी वळून बघायचे, कधी नाही.

सगळ्यात वाईट जेवणाचं झालं. आमच्या घरचा आंबेमोहोर शिजायला लागला की वाटेनं जाणारा माणूस थबकायचा. दादा मात्र दोन घास खाऊन ताट सारायचे. "चव न्हाई," एवढंच… रोज.

आईनं मीठ वाढवून पाहिलं, तूप सोडून पाहिलं, भांडं बदलून पाहिलं. शेवटी तिनं मनाशी धरलं, की ह्यांना आता मीच नकोशी झालेय. पाणवठ्यावरच्या बायकाही तेच कुजबुजत होत्या, आणि असल्या बाबतीत पाणवठ्यावर कधी कुणाचा गैरसमज दूर होत नाही.

कार्तिकात भात झोडून झालं आणि आईनं गाठोडं बांधलं. मला घेऊन किकवीला माहेरी जायचं आणि परत यायचं नाही… हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. बायकोला पोचवायला नवऱ्यानं जायची रीत, म्हणून दादाही निघाले, बिचारे काही ठाऊक नसताना. वाटेत भोरला डॉक्टरांना त्यांचं डोकं दाखवायचं, एवढं एक कर्तव्य तिनं शेवटचं म्हणून ठेवलं होतं.

थोडं चालत, थोडं बैलगाडीनं असे आम्ही भोरला पोचलो. उजेड नको म्हणून दादांनी सगळ्या वाटेत डोक्यावरून घोंगडी घेतली होती.

डॉक्टर म्हातारे होते, सावकाश बोलणारे. पडल्यावर शुद्ध कधी आली, पडलेलं आठवतं का, असं एकेक विचारत गेले. दादांना त्या सकाळची न्याहारीसुद्धा आठवत नव्हती… नऊ महिने आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.

मग डॉक्टर आत जाऊन मुठीत काहीतरी घेऊन आले. दादांना डोळे मिटायला लावले आणि मूठ त्यांच्या नाकाशी उघडली. हिंग होता, मला दारापाशीसुद्धा वास आला. दादा डोळे मिटूनच म्हणाले, "द्या की काय देताय ते."

आई बघतच राहिली.

लवंग झाली, कॉफी झाली… तेच. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की बाहेर जखम नसली तरी आत मेंदूला जबर हिसका बसलाय, नाकाकडून येणारे नाजूक तंतू तुटले असणार. उजेड न सोसणं, शब्द न सापडणं, हा राग, सगळं त्या एका पडण्याचं. काही हळूहळू कमी होईल, काही जन्मभर राहील. वासच गेला तर भात काय आणि भुसा काय, सारखंच. मग आईकडे वळून म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला काही झालेलं नाही."

आईला रडू फुटलं. दादा तिच्याकडे न बघता पुटपुटले, "मला वाटायचं, आंबेमोहोर म्हायेरी धाडती न् मला जाडंभरडं घालती."

आता गंमत अशी, की गाठोड्यात त्या दिवशी खरंच पायलीभर आंबेमोहोर होता… आई रडता रडता हसायला लागली. किकवीला आम्ही गेलोच नाही.

सगळं गोड झालं असं नाही. वास कधीच परत आला नाही आणि राग तर यायचाच. आई मला बाजूला घेऊन म्हणायची, "ते डोकं बोलतंय, तुझे दादा न्हाईत." तिला किती बळ लागत असेल, ते मला फार उशिरा कळलं. त्या डॉक्टरांचे आभार मानायचेही राहूनच गेले, म्हणून आज हे इथे लिहिलं.

ताट वाढल्यावर आई रोज हळूच सांगायची, "वास सुटलाय बरं का, जेवा." दादा डोळे मिटून पहिला घास घ्यायचे… पुढची तीस वर्षं ते तिच्या शब्दावर जेवले.