शेजारच्या मांडवातला बेंजो

लोक आपल्या आवडीच्या बँडचे फोटो शर्टावर छापून फिरतात. माझ्या आवडीचे बँड वरातीपुढे चालणारे. त्यांच्याच शर्टावर खांद्याला सोनेरी झालर असते आणि ती अर्धी उसवलेली असते. गोंदियाजवळच्या गोरेगावात माझं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान आहे. तिथे बसून मी हे सांगितलं की गिऱ्हाईक हसतं. हसू दे. त्यांना ऐकण्यातलं काही कळत नाही.

माझ्या मते वाजवणाऱ्यांच्या पार्ट्या तीनच झाल्या, बाकी सगळा गोंगाट. एक बालाघाटकडची, तिचा ढोल थेट पोटात वाजायचा. दुसरी गोंदिया शहरातली, कडक इस्त्रीची. ट्रम्पेटवाले एका रांगेत उभे राहून सिनेमाची गाणी जशीच्या तशी वाजवायचे. तिला मी मान दिला, जीव लावला नाही. तिसरी तिरोड्याकडची धुमाल पार्टी. एक जुनी मॅटाडोर, टपावर भोंगे, खाली रस्त्यावर ताशे नि झांजा, आणि गाडीच्या मागच्या फळीवर मांडी घालून बसलेला बेंजोवाला. आमच्याकडे बेंजो म्हणतात तो तारांवर बटणं बसवलेला लांबट लाकडी डबा. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. वाजवणारे गावोगाव सापडतील. हा वाजवायला लागला की मात्र ताशेवालेही आपोआप हात हळू करायचे.

हा बेंजोवाला मी शोधला. हे मी आजही कोणासमोर सांगायला तयार आहे. तेव्हा आम्ही मुर्रीत राहत होतो आणि शेजारच्या घरातला माझ्याच वयाचा एक जण माझा जिवलग दोस्त होता. एका लग्नात मी हा बेंजो ऐकला आणि दुसऱ्या दिवशी दोस्ताला ओढून नेलं. मग आम्हाला नादच लागला. त्याच्या वडिलांची मोटारसायकल घ्यायची, कुठे त्या पार्टीची सुपारी आहे हे विचारून काढायचं आणि ओळख ना पाळख अशा माणसांच्या वरातीत घुसायचं.

पण दोस्ताला नाचता येत होतं. इथेच सगळं बिनसलं. नाचणारा गाडीच्या मागच्या फळीसमोर असतो, ऐकणारा कडेला, नालीजवळ. बेंजोवाला नाचणाऱ्याकडे बघून वाजवतो, कारण त्याचे हात कुठे कामी येताहेत हे त्याला तिथेच दिसतं. तीन-चार लग्नांनंतर तो माझ्या दोस्ताला ओळखायला लागला. लांबूनच म्हणायचा, "आओ हीरो." मला तो एकदाच बोलला. "भैया, जरा साइड में." मी साइडला झालो. त्याची एकेक चाल मला पाठ होती, कुठल्या जागी तो श्वास घेतल्यासारखा थांबतो हे मला माहीत होतं, आणि हीरो मात्र तो, ज्याला नुसता ठेका कळत होता. माझ्या पोटात दुखायचं. परतताना मागे बसून मी उसासे टाकायचो आणि दोस्त विचारायचा, "काऊन बे, तब्येत ठीक नाही का?"

याच परतीच्या रस्त्यांवर मी त्याला माझा कार्यक्रम सांगायचो. धान कापून मोकळं झालेलं बांधीतलं वावर. खाली ताडपत्र्या. नवरदेव नाही, वरात नाही, नाचणं तर मुळीच नाही. सगळ्यांनी बसायचं. आधी बालाघाटचा ढोल, मग गोंदियाचे ट्रम्पेट, आणि शेवटी बेंजोवाल्याला गाडीतून खाली उतरवून तखतावर बसवायचं. तोंडावर भोंगा नको, मागे ताशे नकोत, एकटा बेंजो. दोस्त हसायचा. "नाचाले नाही भेटत त कोण येईन बे तुझ्या कार्यक्रमाले?"

कार्यक्रम काही होणार नव्हता हे मलाही कळत होतं. राहता राहिलं माझं लग्न. मुलगी कशी असावी यावर घरात चर्चा चालायच्या. पार्टी कोणती हे माझं केव्हाच ठरलं होतं. निदान एक संध्याकाळ तरी तो माणूस माझ्यासाठी वाजवेल आणि माझ्याकडे बघून वाजवेल. घोडीवर बसलेल्याला कोणी साइडला हो म्हणत नाही.

मुलगी बघायला दवनीवाड्याला गेलो तेव्हा दोस्ताला सोबत नेलं. ही चूक म्हणावी की नशीब, मला अजून ठरवता आलेलं नाही. माझं तिथे जमलं. पोहे खाऊन आम्ही बाहेर पडलो तर त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरच्यांनी दोस्ताची चौकशी केली, आणि महिनाभरात त्याचंही जमलं. त्या उन्हाळ्यात मुहूर्त मोजकेच होते. दोन्ही घरच्यांना एकच दिवस आणि तोच गोरजाचा मुहूर्त मिळाला. एकाच गल्लीच्या दोन टोकांना दोन मांडव. लोकांना मोठी गंमत वाटली. मलाही वाटली असती, पण दोस्तानेही तीच पार्टी सांगितली आहे असं माझ्या कानावर आलं.

मी तिरोड्याला पार्टीच्या मालकाकडे गेलो. आधी सुपारी माझी होती. मालक पान लावत होता. म्हणाला, "टेन्शन मत लो भैया, पार्टी तो आपकीच है." दोस्ताला त्याने काय सांगितलं असेल हे मला तेव्हा सुचलं नाही. मुहूर्ताच्या दिवशी हे मालक लोक पार्टीचे दोन तुकडे करतात, इकडून तिकडून माणसं आणून झालर लावलेले शर्ट चढवतात आणि दोन्हीकडे पार्टी पोचली म्हणतात. हे मी दुसऱ्यांच्या लग्नात शंभरदा पाहिलं होतं. आपल्या लग्नात माणूस आंधळा असतो.

माझ्या वाट्याला टेम्पो आला. ताशे ठीक होते, झांजा ठीक होत्या. बेंजोच्या जागी एक कॅसिओवाला होता, त्याला तीन गाणी येत होती आणि तो ती इमानदारीने फिरून फिरून वाजवत होता. मी घोडीवरूनच मामाला जवळ बोलावून विचारलं, बेंजो कुठे आहे. मामा म्हणाला, "येऊन राहिला असन." चौकात वळलो तर समोरून दोस्ताची वरात. पुढे मॅटाडोर. मागच्या फळीवर तो. दोन्ही वरातींना जागा पुरेना म्हणून आम्ही थांबलो. दोस्ताने घोडीवरून हात वर केला, चांगला मनापासून हसला. त्याच्या बाशिंगाआडून त्याला माझं तोंड दिसलं नसावं. बेंजोवाल्याने मान वळवून एक नजर माझ्याकडे टाकली आणि हाताने खूण केली. वरात जरा बाजूला घ्या. माझी घोडी स्वतःच बाजूला झाली.

मांडवात अंतरपाट धरला तेव्हा आमचे वाजंत्री जेवायला गेले होते. एवढं सगळं झाल्यावर ते असते तरी काय फरक पडणार होता म्हणा. पण त्यामुळे आमच्याकडे एकदम शांतता झाली आणि गल्लीच्या त्या टोकाचा बेंजो स्वच्छ ऐकू यायला लागला. त्यांच्याकडे वेळ होत होता, म्हणून तो वाजवत बसला होता. कोणी नाचत नसणार, कारण ताशे बंद होते. एकटा बेंजो. मी जसा मागितला होता अगदी तसा, दुसऱ्याच्या मांडवात. माझे कान तापले. तिकडे टाळ्या पडतात का, दोस्त काही फर्माइश करतो का, बेंजोवाला हसून काही बोलतो का, एवढंच मी ऐकत होतो. भटजी महाराजांनी मंगलाष्टक थांबवून मला टोकलं, "नवरदेव, लक्ष इकडे." लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत माझी मान डावीकडे वळलेली आहे. सासरच्या बायका बरीच वर्षं एकमेकींना विचारत होत्या की नवरदेवाच्या मानेत काही दोष आहे का.

दोस्ताशी मी भांडलो नाही. कशावरून भांडणार? त्याला विचारलं तेव्हा तो साधेपणाने म्हणाला, "म्या कुठं मांगलो बे? मालकानंच धाडला." खरंच असेल. तेच तर जास्त लागलं. मी वर्षानुवर्षं मागून जे मिळालं नाही ते याला न मागता मिळालं. मी गोरेगावला दुकान टाकलं, तो मुर्रीत शेती करत राहिला, येणंजाणं चालू राहिलं. त्याच्या घरी गेलो की भिंतीवर त्याच्या वरातीचा फोटो दिसायचा, मॅटाडोर आणि बेंजोवाल्यासकट. मी त्या भिंतीकडे पाठ करून बसायचो.

मग डीजे आले. बालाघाटची पार्टी मोडली, गोंदियाच्या ट्रम्पेटवाल्यांपैकी कोणी कुठे तर कोणी कुठे गेले. मॅटाडोर विकली गेली असं कळलं. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. आता निदान कोणालाच मिळणार नव्हतं.

यंदा दिवाळीनंतर दोस्ताचा फोन आला. मुर्रीच्या मंडईच्या कमिटीवर तो आहे. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा, गावोगाव वेगवेगळ्या दिवशी भरते आणि पाव्हण्यांनी घरं भरून जातात. म्हणाला, "वहिनीले घेऊन ये बे. दुपारून बेंजो ठेवला हाये." मी विचारलं, कोणाचा. "कोणाचा म्हंजे? आपल्यावाल्याचा. शोधून काढलो म्या."

मी शोधलेला माणूस आता त्याने शोधून काढला होता.

जाऊ नये असं दोन दिवस म्हणत राहिलो आणि गेलो. बायकोला चिवड्याची दुकानं बघायची होती. गावाबाहेर कापणी झालेल्या बांधीत ताडपत्र्या अंथरल्या होत्या. मध्ये तखत. दोस्ताने माइक घेतला. म्हणाला, "हे माझं लय वर्षाचं सपन होतं. कोणी नाचाचं नाही. बसाचं नि आयकाचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकोला म्हटलं, हे सगळं माझं आहे, शब्दन् शब्द. ती म्हणाली, "असन जी." आणि तिने ताडपत्रीवर नीट मांडी घातली.

बेंजोवाला म्हातारा झाला होता. तखताकडे जाताना दोस्ताला बघून थांबला आणि त्याच आवाजात म्हणाला, "आओ हीरो." मी बाजूलाच उभा होतो. मी नमस्कार केला. त्याने विचारलं, "आप?" मी म्हटलं, गोरेगावचा. दुसरं काय सांगणार होतो?

तो वाजवायला लागला आणि मला माझा राग धरून ठेवता येईना. हात तेच होते. मी बायकोच्या कानाशी लागून सांगत राहिलो, आता हे येणार, आता इथे थांबणार, आता वर चढणार. माझं एकही चुकलं नाही. दोस्त तखताजवळ बसून चुकीच्या जागी मान हलवत होता आणि ते बघून मला समाधान वाटत होतं. मग बेंजोवाल्याने एक संथ चाल धरली. मी वाट पाहिली. ती पुढे कुठे जाईल याचा अंदाज मला लागेना. पुन्हा कान दिला. नाही लागला.

"नवीन बसवलेली दिसते," मी बायकोला म्हटलं.

"नवीन कायची जी? आपल्या लग्नात वाजली होती न."

मी म्हटलं, आपल्या लग्नात कॅसिओ होता.

"तो नाही. आपले वाजेवाले जेवाले गेले होते तेव्हा. तिकून आवाज येऊन राहिला होता." तिची नजर तखतावर होती. "म्या मामाच्या हाताले धरून बाहेर आली तेव्हापासून हेच चालू होतं. आता पाहा, आता खाली येते."

चाल खाली आली. तिच्या गुडघ्यावरचं बोट चालीच्या जरा आधीच खाली आलं होतं. पुढचं वळण, त्याच्या पुढचं, सगळी तिच्याजवळ होती. त्या दिवशी मीही तिथेच होतो, दोन हातांवर, मधे फक्त एक अंतरपाट. मी टाळ्या मोजत होतो. दोस्ताचा हेवा मला सवयीचा आहे, तो मी इतकी वर्षं चांगला सांभाळला. बायकोचा हेवा वाटायची ही पहिलीच वेळ, आणि तो फार जोरात लागला.

"मग इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तुमी लग्नाचं नाव काढलं का तोंड पाडता," ती म्हणाली. "कोण सांगन?"

बेंजोवाल्याने चाल पुन्हा पहिल्यापासून धरली. मी तिच्याकडे सरकून हळूच विचारलं, आता पुढे काय येतं.

"चूप बसा न जी," ती म्हणाली. "आयकू द्या."