डबडबा

लग्न होऊन कॉव्हेंट्रीला आले, त्या पहिल्याच हिवाळ्यात माझं माहेरी परत जायचं जवळजवळ ठरलं होतं. एका सकाळी बर्फामुळे आमची बस चढाखाली अडकली. रोजचाच ड्रायव्हर, पिकल्या मिशांचा उंच जमैकन, खाली उतरून म्हणाला, "हात धरा एकमेकांचे. तरुणपणी मी गाइड होतो. तिकडे जमैकात डे-ट्रिपला आलेल्यांना अशीच साखळी करून वॉटरफॉलच्या खडकांवरून वर चढवायचो."

सगळ्यांनी साखळी केली. त्याच्या शेजारची जागा तेवढी उरली. परक्या पुरुषाचा हात कसा धरायचा, म्हणून मी खिशात हात घालून उभी. त्याने हात पुढे केला तो तसाच ठेवला. "मॅडम, पायांकडे बघू नका. वर बघा." शेवटी धरला.

वर पोचल्यावर त्याने विचारलं, "तुमच्या भाषेत वॉटरफॉलला काय म्हणतात?"

"धबधबा."

"डबडबा," तो मन लावून म्हणाला.

मी इतकी हसले, की डोळे खरंच डबडबले.

मग रोज मी बसमध्ये चढले की तो गुड मॉर्निंगऐवजी "डबडबा!" म्हणायचा. त्या देशात माझ्याशी मराठीत बोललेला पहिला परका माणूस तो. त्याचा 'ध' मी कधीच सुधारला नाही, आणि परत जायचंही राहूनच गेलं.