बदलीवाल्याचा हात

भिवंडीत माणूस गावाला गेला तरी त्याचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद राहत नाहीत. जाताना तो आपल्या जागी कुणाला तरी उभं करून जातो. त्याला बदलीवाला म्हणायचं. महिना असो नाहीतर चार महिने, तेवढे दिवस बदलीवाला म्हणजे तो गेलेला माणूसच. लूम त्याचे, पाळी त्याची, कापडात डाग आला तर खायची शिवीसुद्धा त्याचीच. मूळ माणूस परतला की बदलीवाला काही न बोलता बाजूला होतो आणि दुसऱ्या कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहतो. याची कुठे लिखापढी नसते. पण ही रीत कुणी मोडलेली मी पाहिली नाही.

मी देगलूरकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. गावातल्या एकाच्या ओळखीने भिवंडीतल्या नारपोलीत आलो आणि पहिलं अख्खं वर्ष दुसऱ्यांच्या बदलीवर काढलं. मला पहिल्यापासून भीती फार. मालक हसला तरी भीती, गप्प बसला तरी भीती. उद्या कुणाचे लूम मिळतील या विचाराने घास उतरायचा नाही. अशातच एकदा धोटा उडाला. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन लूममधून इकडून तिकडे धावणारं लाकडी शटल. त्याच्या टोकाला लोखंड असतं. ते माझ्या डोळ्याखाली बसलं. कारखान्याचा कारभार बघणारे मेहताजी म्हणाले, "बदलीवाला है, अपना आदमी थोड़ी है," आणि मला रिक्षात घालून मोकळे झाले.

दवाखान्यात माझ्या उशाशी येऊन बसले ते आमच्या युनियनचे अध्यक्ष. त्यांना सगळे दादा म्हणत. जवळच्याच कोनगावचे, शेतीवाल्या घरातले, अंगाने आडवे, आवाज मोठा. माझी त्यांची ओळख नव्हती, मी सभासदही नव्हतो.

"बाला, डोला वाचला ना तुझा? मंग रडतंस कशाला?" म्हणाले.

मालकाच्या मागे लागून त्यांनी औषधपाणी वसूल केलं. टाके निघेपर्यंत युनियनच्या ऑफिसात झोपायला जागा दिली आणि घरून डबा पाठवला. पुढे त्यांच्याच शब्दावर मला कायमचे चार लूम मिळाले आणि त्यांच्याच हातून मी सभासद झालो. दादा नसते तर मी टाके घेऊन तसाच गावी परतलो असतो. हे उपकार मी आजही मानतो. मानतो म्हणूनच पुढचं आठवलं की जास्त चिडचिड होते.

माझ्या त्याच चार लूमवर दुसऱ्या पाळीला चाचा असत. आझमगढकडचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांची पाळी संपली की माझी सुरू, माझी संपली की त्यांची. आम्ही एकमेकांचे जोडीदार, पण भेट व्हायची ती पाळी बदलताना, तीही कान किटवणाऱ्या खडखडाटात. निवांत बोलणं फक्त शुक्रवारी. शुक्रवारी वीज बंद, म्हणून लूम बंद.

अशाच एका शुक्रवारी चहाच्या टपरीवर बातमी आली. दादांनी भिवंडीतल्याच निजामपुऱ्यातल्या मालकांशी करार केला होता. तिकडे एका माणसाने आता चारऐवजी सहा लूम चालवायचे. सही होऊन गेली होती. तिकडच्या कारागिरांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनाही टपरीवरच कळलं होतं.

"छह लूम पे नज़र कौन रखेगा, इनके अब्बा?" चाचा म्हणाले. "आज उधर, कल नारपोली में. इस बार तेरी आँख ही जाएगी, देख लेना."

मी म्हणालो, "दादा असं मुद्दाम करणार नाहीत."

"मुद्दाम कौन बोला? आदमी अच्छा है. पर अच्छा आदमी पूछता क्यों नहीं?"

तिथेच चाचांनी ठरवलं की वार्षिक सभेत सेक्रेटरीच्या जागेला उभं राहायचं. करारावर अध्यक्ष आणि सेक्रेटरी दोघांच्या सह्या लागतात. चाचांचं म्हणणं एवढंच होतं की सभासदांचं मत घेतल्याशिवाय आपण सही करणार नाही. सेक्रेटरी तोवर कायम बिनविरोध यायचे. दादा नाव वाचायचे, टाळ्या पडायच्या, चहा यायचा.

अडचण सभेच्या महिन्याची होती. सभा मे महिन्यात. युनियन निघाली तेव्हा कारागीर बहुतेक आसपासचे होते, मे महिन्यात कुणी कुठे जात नसे. आता अर्धे कारागीर युपी-बिहारचे, आणि मे म्हणजे त्यांच्या लग्नांचा महिना. चाचांना मानणारे सगळे तेच. मी दादांना जाऊन भेटलो, सभा पुढे ढकला म्हणालो.

"आपल्या युनियनच्या घटनेत मे लिवलाय," दादा म्हणाले. "घटना मी बदलू? उद्या तुम्हीच बोंबलाल, दादा मनमानी करतो म्हनून."

मग चाचांनी गावी निघालेल्या एकेकाला गाठून सांगितलं, "अपने बदलीवाले को बोल के जाना, मीटिंग में बैठे और मेरे लिए हाथ उठाए." मी त्यांच्या बरोबर होतो. त्यात काही चुकतंय असं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही, ऐकणाऱ्यांच्याही नाही. बदलीवाला लूम चालवतो, खोलीतली त्याची जागा वापरतो, युनियनचा चंदा, म्हणजे वर्गणीसुद्धा भरतो. मग हात का नाही वर करणार?

सभेला हॉल भरला. तसा तो एरवी कधी भरत नसे. दादांनी गर्दी पाहिली आणि मला पुढे बोलावलं. "हात तू मोज. तुझ्यावर दोन्हीकडल्यांचा भरवसा हाय."

आधी जुन्या सेक्रेटरींसाठी हात वर झाले, ते मोजले. मग चाचांसाठी झाले. मागच्या रांगा एकदम उठल्या. मोजायची गरजच नव्हती, तरी मी मोजले. चाचा कितीतरी पुढे होते. मी आकडा सांगितला. कुणीतरी शिट्टी मारली.

दादा शांतपणे म्हणाले, "बरं. आता यातले बदलीवाले कवढे, ते सांग."

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. चाचासुद्धा. काय झालं ते मला तेव्हा कुठे समजलं. यातल्या एकेका चेहऱ्याला मी ओळखत होतो. दादाही ओळखत होते, पण त्यांना ते माझ्या तोंडून हवं होतं. मी खोटा आकडा दिला असता तर कुणीही उठून तो दोन मिनिटांत खोडला असता. मी खरं सांगितलं. बदलीवाले वगळले की चाचांकडे मूठभर हात उरत होते.

"मतदान सभासदाचं," दादा म्हणाले. "यात माजं काय न्हाय, घटना हाय."

मी तिथेच उभा होतो, म्हणून धीर करून म्हणालो, "दादा, पण चंदा यांच्याकडूनच घेतो ना आपण?"

"चंदा त्या मानसाच्या नावावर घेतो. पावती बघ कुनाच्या नावाची हाय."

यावर मागून एक बदलीवाला उठला. बिहारचा होता, वर्षभर असाच या कारखान्यातून त्या कारखान्यात फिरत होता. "दादा, मेरा पैसा उसके नाम चलता है, तो मेरा हाथ उसके नाम क्यों नहीं चलता?"

हॉलमध्ये मोठा हशा पिकला. दादाही हसले. "वकील हाय रे हा," म्हणाले. "बस खाली." मी म्हणालो, मग यांनाही सभासद करून घ्या. दादा म्हणाले, आजच्या विषयात ते नाही. पुढच्या सभेच्या विषयांत काय घ्यायचं ते कमिटी ठरवते, आणि कमिटीत कोण ते दादा ठरवतात. राग यायला जागा होती आणि राग काढायला जागा नव्हती. प्रत्येक गोष्ट नियमाप्रमाणे झाली होती.

जुने सेक्रेटरी निवडून आले. आणि मग दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून जाहीर केलं, "हा पोरगा खरा बोलला. याला मी कमिटीत घेतो."

टाळ्या पडल्या. मी दादांच्या कानाशी म्हणालो, "दादा, माझ्यासाठी पण हात वर करायला सांगा ना."

"अरं कशाला? टाल्या ऐकू आल्या न्हाय का?"

तोपर्यंत मागच्या खुर्च्या गोळा करायला सुरुवात झाली होती.

मला वाटलं होतं, चाचा बोलणं सोडतील. दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना ते माझ्या कानात ओरडले, "गिनती सही थी. अब अंदर बैठा है ना, तो तू ही पूछ."

मी कमिटीच्या प्रत्येक बैठकीत विचारलं. बदलीवाल्यांना सभासद करा. नारपोलीचा करार व्हायचा असेल तर आधी सभासदांचं मत घ्या. कुणी मला गप्प बस म्हणालं नाही. सगळे ऐकून घ्यायचे, माना डोलवायचे, "मुद्दा चांगला हाय" असंही म्हणायचे. मग चहा यायचा, आणि सेक्रेटरी दुसरा विषय काढायचे. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. कापसाच्या ढिगावर बुक्की मारावी तसं व्हायचं.

दिवाळी झाली. लूम पुसत होतो तेव्हा मेहताजी आले आणि हसत म्हणाले, "क्या मेंबर साहब, पेड़ा नहीं लाए? नारपोली का करार हो गया. सोमवार से छह लूम."

मी कमिटीत होतो आणि मला ते मालकाच्या माणसाकडून कळलं.

शुक्रवारी मी कोनगावला दादांच्या घरी गेलो. दुपारची वेळ, ते जेवायला बसले होते. वहिनींनी मला बघताच दुसरं ताट वाढलं. याच घरचा डबा मी टाके घातलेल्या तोंडाने खाल्ला होता. नाही म्हणता आलं नाही.

"दादा, सही केलीत?"

"केली. न्हायतर ते भिवंडीतून लूम उचलून गुजरातला नेनार होते. चार लूमचा हट्ट धरून बसला असता तर चारही गेले असते."

"असेल तसं. पण हेच सभेत सांगायचं. लोकांनी ऐकलं असतं."

"तुला इचारलं असतं तर तू काय बोलला असतास?"

"नाही म्हणालो असतो."

"म्हनून न्हाय इचारलं."

हे त्यांनी चिडून नाही, मायेने सांगितलं, पोराला समजवावं तसं. मी म्हणालो, "मग मला कमिटीतून काढा."

"काढाया सभा लागते, बाला."

"घ्यायला लागली नव्हती."

दादा खळखळून हसले आणि आत बघून म्हणाले, "याला बोंबील वाढ गं अजून. उपाशी पोटी भांडतंय." ताटात टाकून उठणं मला जमलं नाही. मी भात संपवला, ताट उचलून मोरीत ठेवलं, वहिनींना येतो म्हणालो आणि कल्याण रोडला येऊन रिक्षाची वाट बघत उभा राहिलो.

सोमवारी पाळीवर गेलो तेव्हा चाचा सहा लूमच्या मध्ये उभे होते. डोळे लाल झालेले.

"पूछा?" ते ओरडले.

"पूछा."

"क्या बोले?"

"बोले, खाना खाओ."

चाचा हसले नाहीत. पाचव्या लूमचा धागा तुटला होता. त्यांची पाळी संपली होती, तरी ते तो जोडायला गेले.