वरच्या चार ओळी

गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली की किस्से जमवावे लागत नाहीत. गोचिडासारखे तेच येऊन चिकटतात. देवणीकडच्या आमच्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो, म्हणजे जनावरांच्या जखमा धुणारा-बांधणारा. दुष्काळाचा तो उन्हाळा. विहिरीत पाणी नव्हतं, पण नेटपॅक प्रत्येकाकडं होता!

*

पहिला मान आमचे शिपाई गफूरभाई यांचा. एका सकाळी ते पेढे घेऊनच आले. "उदगीर जिल्हा झाला, सायब."

"कोण म्हणतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन ग्रुपवर आलंय. एकावरच आलं असतं तर मी बी मानलं नसतं."

डॉक्टरांनी मोबाइल मागून घेतला. पहिल्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं. उरलेल्या दोन्हींवर खुद्द गफूरभाईंनीच! जिल्हा काही झाला नाही, पेढे मात्र आम्ही संपवले.

*

शिवलिंगअप्पांचं किराणा दुकान होतं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि दावणीला एकच देवणी गाय, गौरी. तिच्यावर त्यांचा जीव. सकाळची पूजा आटोपली की अप्पा मोबाइल घेऊन गल्ल्यावर बसत आणि अख्ख्या गावाला शहाणं करत.

एकदा त्यांनी चारा छावणीत एक व्हिडिओ दाखवला. छावण्या आजपासून बंद, असं त्यात एक माणूस छातीठोक सांगत होता. झालं! लोकांनी दावी सोडली आणि भर उन्हात निम्मी जनावरं घराकडं निघाली. संध्याकाळी डॉक्टरांनी तो व्हिडिओ पाहिला.

"अप्पा, ह्या माणसाच्या मागं भरलेली नदी वाहतेय. आपल्याकडं कुठाय अशी?"

"आम्ही त्याच्या तोंडाकडं बघत होतो, सायब."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. तापल्या डांबरावरून चालत गेलेली ती जनावरं मी पाहिली होती, आणि त्यांची दुसऱ्या दिवशीची परतफेरीही.

*

म्हणून डॉक्टरांनी ठरवलं, आता ग्रुपवर आपणच खरी माहिती टाकायची. वाळला कडबा पौष्टिक कसा करावा, यावर त्यांनी चांगला लांबलचक मेसेज लिहिला. युरिया पाण्यात किती विरघळवायचा, ते पाणी कडब्यावर कसं शिंपडायचं, मग झाकून तीन आठवडे कसं मुरवायचं, सगळं होतं. शेवटी ताकीद होती की हे पाणी जनावराला पाजू नये, जनावर दगावतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांचा फोन आला. "गौरी पडलीय."

आम्ही पोचलो तेव्हा गौरीचं पोट फुगलेलं, तोंडाला फेस, अंग थरथरत होतं. शेजारी रिकामी बादली. डॉक्टरांनी ती हुंगली आणि त्यांचा चेहरा उतरला. "युरिया पाजला?"

अप्पांनी होकारार्थी मान हलवली.

"दुकानातलं सगळं व्हिनेगर आणा. आणि गार पाणी."

घरात टँकरचं एकच पिंप होतं, घरच्यांच्या पिण्याचं. अप्पांच्या बायकोनं एका शब्दानंही न विचारता ते पुढं ढकललं. विष उतरावं म्हणून त्या पाण्यात व्हिनेगर मिसळून आम्ही थोडं थोडं करून गौरीला पाजत राहिलो. अप्पा तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते. मी मनातल्या मनात सगळे देव आळवले. बऱ्याच वेळानं तिचा श्वास संथ झाला. मग तिनं कान हलवला, आणि अप्पा लेकरासारखे रडले.

डॉक्टर हात धूत म्हणाले, "खाली स्पष्ट लिहिलं होतं, पाजू नका. पूर्ण का नाही वाचलंत?"

"लई लांब होतं, सायब. 'पुढे वाचा' आलं, तिथंच थांबलो."

"बरं. वाचली गाय. आता तरी..."

"तुमचं लिहिणं चांगलं हाय, पण लोकं येवढं वाचत न्हाईत," अप्पा डोळे पुसत म्हणाले. "म्हणून मी काल वरच्या चार ओळीच ठेवल्या, खाली 'पाण्यातून पाजा' असं लिहिलं, अन् समद्या ग्रुपवर पाठवलं."

डॉक्टरांच्या खिशातला फोन वाजायला लागला.